लाईट दिवसाची, राख कुणाची? तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की राज्य सरकारने वीज आणि पर्यावरण या दोन्हीत पहिलं काम कुठलं हातात घ्यावं, तुम्हाला काय वाटतं ते कळवा. वाटलं होतं पाच-सहा मेल येतील, पण इनबॉक्स भरला, व्हॉट्सअॅपवर तर ऑडिओ मेसेज आले, त्यातला एक नऊ मिनिटांचा, मागे मोटरचा आवाज. बहुतेकांनी मत द्यायच्या ऐवजी मलाच प्रश्न विचारलेत. ठीक आहे, तीस वर्षं सबस्टेशनच्या आवारात काढलेल्या माणसाला हे चालतं. निवडक घेतोय, नावं गाळली आहेत.

प्रश्न : काका नमस्कार. आमची वैजापूर तालुक्यात चार एकर, विहिरीवर ५ एचपीची मोटर, कनेक्शन वडलांच्या नावावर. रात्रीची लाईट असली की मी आणि धाकटा भाऊ दोघं जातो, एकट्याची हिंमत होत नाही, मागच्या महिन्यात बांधावर बिबट्याचे ठसे होते. गावात सगळे सोलर पंप घेतायत. घ्यावा का? की सरकार फीडरच (शेतीला वीज आणणारी लाईनच) सोलर करणार म्हणतंय त्याची वाट बघू?

दादा, तुमचा प्रश्न पहिला घेतला कारण माझ्या मते राज्याचं पहिलं काम हेच आहे, बाकी सगळं नंतर. रात्री दीडला लाईट येते, ऑटोस्विच असला तर मोटर आपली आपण चालू होते, पण बारं काही आपोआप बदलत नाही, दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, माणूस लागतोच, मग एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं आणि थंडीत गुडघाभर चिखल. आणि तो ऑटोस्विच पण काढा बरं का, लाईट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि डीपी जळतो, मग पंधरा दिवस दिवसाची पण नाही आणि रात्रीची पण नाही.

आता मुद्द्याचं. दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. यात पॅनेल तुमच्या बांधावर, मोटर त्याच्यावर, तारेचा संबंध नाही. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्या वर साडेसात. पण ही योजना ज्यांच्याकडे पंपाला विजेचं कनेक्शन नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे आहे, वडलांच्या नावावर का असेना, त्यामुळे एजंट पैसे मागायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

दुसरी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ही २०१७ ला सुरू झाली, तेव्हा फार हलली नाही, २०२३ ला '२.०' म्हणून परत आणली आणि टार्गेट पुढे वाढवत १६,००० मेगावॅटवर नेलं. यात तुमच्या शेतात काहीच बसत नाही. सबस्टेशनजवळ पाच-दहा किलोमीटरच्या आत जमिनीवर पॅनेल बसतात, ती वीज थेट सबस्टेशनला येते आणि शेतीचा जो वेगळा फीडर आहे त्याला दिवसा सोडतात. आभाळ आलं तर नेहमीच्या ग्रीडमधून येते, म्हणजे पावसाळ्यात मोटर उपाशी राहत नाही, हा बांधावरच्या पंपापेक्षा मोठा फायदा. २.० चा पहिला प्रकल्प तुमच्याच तालुक्यात धोंदलगावला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चालू झाला, ३ मेगावॅटचा. तुमच्याकडे कुणी 'शेजारच्या गावात सोलर झालं' म्हणत असेल तर ते बहुधा हेच. तुमचा फीडर कुठल्या सबस्टेशनवरून निघतो आणि त्या सबस्टेशनला प्रकल्प मंजूर आहे का, हे दोनच प्रश्न घेऊन वीज कंपनीच्या ऑफिसला जा, लाईनमनला विचारलंत तर तो आधीच सांगेल, त्याला साहेबापेक्षा जास्त माहिती असते.

मी याला पहिला नंबर का देतो तेही सांगतो. ही वीज साधारण तीन रुपये युनिटने पडते, आणि लांबून कोळशाची वीज आणून तुमच्या विहिरीपर्यंत पोचवायची तर सरकारच्याच हिशोबाने आठ रुपयांच्या आसपास जाते. मधला फरक कोण भरतं? कारखाने, दुकानं, आणि सरकारी तिजोरी. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, ४४ लाखांवर शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटींचा खर्च. शेतीची वीज दिवसाची आणि सौर झाली की तो आकडा खाली येतो, कोळसा कमी जळतो, आणि तुमचा धाकटा भाऊ रात्री झोपतो. तीन कामं एका पैशात करणारी दुसरी योजना मला तरी दिसत नाही.

फक्त एक गोष्ट कुणी बोलत नाही ती बोलतो. वीज फुकट, ऊन फुकट, पण विहीर फुकट नाही हो. दिवसभर मोटर चालू ठेवायची सवय लागली की चार वर्षांनी बोअर अजून दोनशे फूट खाली. राज्याचा भूजल कायदा २००९ चा आहे, पण गावात कुणी त्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. ठिबक करा, आणि टायमर लावा.

प्रश्न : आम्ही माण तालुक्यातले, मेंढरं राखतो. गावचं गायरान सोलर कंपनीला दिलं, तारेचं कुंपण घातलं. ग्रामपंचायतीला पैसे मिळणार म्हणतात. आमची मेंढरं कुठं न्यायची? तुम्ही तर सोलरचे गोडवे गाता.

गातो, आणि तुमचं पत्र वाचून गप्प बसलो थोडा वेळ. कारण वरच्या दादांना दिवसा वीज मिळते ती तुमच्या चराऊ रानातून येते, हे खरं आहे.

हिशोब असा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. खाजगी शेतकऱ्याने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन नाममात्र १ रुपयाने. मग कंपनी आणि अधिकारी आधी कुठे बघणार? गायरानाकडेच. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं, म्हणजे १५ लाख. प्रकल्प पंचवीस वर्षांचा आणि पैसे तीन वर्षं. त्या १५ लाखात सभामंडपाला पत्रे होतील, पेव्हिंग ब्लॉक होतील, चारा नाही होणार.

आणि यात एक मोठी फट आहे. सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, प्रदूषण मंडळाच्या हिशोबात तो पांढऱ्या गटात. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून ते बरोबरही आहे. पण मंजुरी नाही म्हणजे जनसुनावणी नाही, आणि जनसुनावणी नाही म्हणजे तुम्हाला उभं राहून बोलायची जागाच नाही. ग्रामसभा तेवढी उरते, आणि ग्रामसभेत कोरम कसा पूर्ण होतो ते तुम्हाला मी काय सांगू, सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं.

तुमच्या हातात काय आहे? जानेवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी वाचवा असं सगळ्या राज्यांना बजावलं, त्यानंतर १२ जुलै २०११ ला आपल्या सरकारने गायरानाबद्दल जीआर काढला, की दुसरी जागाच नसेल तर आणि सार्वजनिक कामासाठीच द्यायचं. तो जीआर, गट नंबरचा सातबारा आणि गावात जनावरं-मेंढरं किती त्याची गुरांच्या दवाखान्यातली नोंद, हे तिन्ही जोडून कलेक्टर ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पूर्ण गायरान परत मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण कुंपणातून ये-जा करायला वाट, पाणवठा मोकळा, आणि पॅनेलखाली चरायला परवानगी, एवढं मागता येतं. बाहेरच्या देशात पॅनेलखालचं गवत खायला मुद्दाम मेंढ्या सोडतात, कंपनीचा गवत कापायचा खर्च वाचतो. शेळी नको पण, शेळी वर चढते.

राज्याने काय करायला हवं असं मला विचाराल तर, गायरानाचा नंबर शेवटी ठेवा. कोळशाच्या वीज केंद्रांच्या राखेचे जुने बंधारे, बंद पडलेल्या एमआयडीसीच्या जागा, धरणाचं पाणी, कालव्याच्या कडा, सरकारी इमारतींची छपरं हे आधी संपवा. आणि गायरान घेतलंच तर तीन वर्षांचे पैसे नको, प्रकल्प आहे तोवर युनिटमागे काही पैसे गावाला द्या, त्यातला हिस्सा चाऱ्यासाठी बांधून ठेवा.

प्रश्न : डोंबिवलीत आमची ५६ फ्लॅटची सोसायटी. गच्चीवर सोलर बसवायचा विषय तीन एजीएम झाला चालूच आहे. वरच्या मजल्यावाले म्हणतात गळती होईल, खालचे म्हणतात आम्हाला काय फायदा. सबसिडी नक्की किती? – एक त्रस्त सेक्रेटरी

सेक्रेटरी ताई, तीन एजीएम म्हणजे अजून लवकर आहे, आमच्याकडे पाच लागल्या. आणि पाचव्या मीटिंगलाही एक काका उठून म्हणाले, पण चंद्रग्रहणात चालतं का हे.

फेब्रुवारी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना. स्वतंत्र घराला १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्याच्या वर ७८ हजार, पुढे वाढत नाही. सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाडी चार्जिंग या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार, ५०० किलोवॅटच्या मर्यादेत. १ किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची धरा, दिवसाला चार युनिट येतात. पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते डिसेंबरमध्ये दुपारी तीन वाजता बघा, मे महिन्यात बघून फसतात लोक. गळतीचं म्हणाल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, मग सिमेंटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर, स्लॅबला भोक पाडू देऊ नका, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या.

'आम्हाला काय फायदा' वाल्यांना कॉमन बिल दाखवा आणि ५६ ने भागा. मेंटेनन्स कमी होतो तो तळमजल्याचाही होतो. शिवाय १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे सवलत आहे, सुरुवातीला ८० पैसे. म्हणजे वॉशिंग मशीन दुपारी लावा. नोकरी करणाऱ्या बाईने दुपारी मशीन कसं लावायचं हा प्रश्न सवलत ठरवणाऱ्यांना पडलेला दिसत नाही, पण टायमर असतो मशीनला.

छप्परवाल्यांसाठी सरकारने काय करावं? माझ्या मते पैसे बास झाले, नियम सारखे बदलू नका एवढंच. माणूस पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतील या हिशोबाने कर्ज काढतो, आणि नेट मीटरिंगचे (छपरावरची जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलातून वळती करायच्या सोयीचे) नियम बदलणार अशी नुसती आवई उठली तरी अख्ख्या सोसायटीचा ठराव बारगळतो.

प्रश्न : मी चंद्रपूरची. तुमच्या कॉलममध्ये सोलर सोलर वाचून हसू येतं. आमच्याकडे सकाळी गच्चीवरचे कपडे झटकले की काळं निघतं. आमच्या राखेचं काय?

ताई, बरोबर आहे. आमच्या पुण्या-मुंबईचे एसी चालतात ते तुमच्या श्वासावर. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्याच्या स्वतःच्या कंपनीचं, शेजारी कोळसा खाणी, सिमेंट, आणि हे सगळं वाघाच्या रानात. केंद्राच्या अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत तुमचं नाव २००९ पासून आहे.

काय काय अडलंय बघा. चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड धुऊन काढायची यंत्रणा असते, एफजीडी म्हणतात, चुनखडीच्या पाण्याने धूर धुतात असं समजा. हा वायू वर जाऊन हवेत बारीक कण बनवतो, तेच छातीत जातात. डिसेंबर २०१५ ला केंद्राने नियम केला, दोन वर्षांत बसवा. मग मुदतवाढ, मग अजून मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक प्लांटना या नियमातून सूटच दिली. ज्यांनी दहा वर्षं नियम पाळला नाही त्यांना बक्षीस, आणि ज्यांनी कर्ज काढून यंत्रणा बसवली ते वेडे ठरले. पण हे वाचा नीट: दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या प्लांटना सूट नाही, आणि अतिप्रदूषित पट्ट्याच्या १० किलोमीटरच्या आतल्या प्लांटचं एकेक केस बघून ठरवायचंय. म्हणजे चंद्रपूरची फाईल सरसकट बंद झालेली नाही. तुमच्या आमदाराला हा एकच प्रश्न विचारा, आमच्या युनिटचं काय ठरलं, आणि उत्तर लेखी मागा.

राखेचं तर अजून वाईट. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळी राख वापरली गेली पाहिजे, विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव. आणि जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राख बंधारा पावसात फुटला, राखेचा चिखल शेतात, ओढ्यात, नदीत. मी बांध फुटलेला लांबून एकदाच पाहिलाय, कुठला ते राहू द्या, पाण्यावर दुधाची साय धरावी तशी करडी साय होती आणि म्हशी काठावर उभ्या, पाण्यात जाईनात. जनावराला कळतं.

इथे माझं मत स्पष्ट आहे. वीज बनवणारी कंपनी राज्याची, तिला नोटीस पाठवणारं प्रदूषण मंडळही राज्याचं. एकाच घरातला थोरला भाऊ धाकट्याला दटावतोय, जेवायला दोघं एकाच ताटात. राज्याला खरंच काही करायचं असेल तर मंडळातली रिकामी पदं भरा, चिमणीवरच्या मीटरचे आकडे लोकांना रोज मराठीत दिसतील असे गावच्या चौकात लावा, आणि जुनी युनिट कुठल्या वर्षी बंद होणार ते तारखेसकट सांगा. तिथल्या कंत्राटी कामगारांचं पुढे काय, हेही त्याच कागदात. कोराडीला ६६० मेगावॅटची दोन नवी युनिट आणायची म्हणून २०२३ मध्ये जनसुनावणी घेतली, ती कधी, तर मे महिन्यात. विदर्भात. भर उन्हात लोक तरीही आले.

प्रश्न : प्लॅस्टिक बंदी उठली का हो? भाजीवाला बिनधास्त पिशवी देतो.

नाही उठली. राज्याची बंदी जून २०१८ पासून आहे, पहिला दंड ५ हजार, दुसरा १०, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने आत. त्यानंतर केंद्राची आली, १२० मायक्रॉनच्या खालची पिशवी कुठेच चालत नाही. पण भाजीवाल्यावर धाड टाकणं सोपं, पिशवी बनवणारा कारखाना शोधणं अवघड, म्हणून हे असंच चालतं. पिशवी घरून न्या, मी तांदळाच्या गोणीची शिवून घेतली आहे, दहा किलो बटाटे सहज.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. सर, सोलर रात्री चालत नाही, मग संध्याकाळची सगळ्यात जास्त मागणी (पीक लोड) कशी भागवणार? बॅटरी की पंप्ड स्टोरेज? राज्याने कशावर पैसा लावावा?

बाळा, परीक्षेत न येणारा पण सगळ्यात चांगला प्रश्न. दुपारी वीज जास्त होते आणि सात वाजता सगळे घरी येऊन पंखा, टीव्ही, मिक्सर लावतात तेव्हा सूर्य गेलेला असतो. आजवर हा भार कोयनेने उचलला, १,९६० मेगावॅट, बटण दाबलं की काही मिनिटांत वीज. पंप्ड स्टोरेज म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेने खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. चार युनिट खर्चून तीन परत मिळतात असं ढोबळ धर. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र २००८ पासून आहे, ट्रिप काढून बघून ये, दोन धरणांच्या मधला कडा बघितलास की पुस्तक न वाचता कळेल.

राज्याने २०२३ च्या शेवटी यासाठी धोरण आणलं आणि आता सह्याद्रीत जिकडे तिकडे प्रस्ताव आहेत. भूगोल आपल्याला अनुकूल आहे, वर पठार, खाली कोकण. पण तोच पट्टा पश्चिम घाटाचा. हा घाट कसा जपायचा यावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा, आणि जुलै २०२४ मध्ये केंद्राने संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना काढली, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. मसुदा सहाव्यांदा! अंतिम काही होत नाही आणि प्रकल्प मात्र पुढे सरकतात. मला विचारशील तर आधी असलेल्या धरणांच्या जोड्या वापरा, नवीन जंगल बुडवू नका, आणि फीडरच्या सौर प्रकल्पाशेजारीच दोन-तीन तासांची बॅटरी बसवा म्हणजे तारेवरचा भारही कमी होतो. बॅटरीचे भाव पडतायत, दरी एकदा बुडाली की बुडाली. तू बॅटरीत प्रोजेक्ट घे.

प्रश्न : हे सगळं वाचून राग येतो, पण सामान्य माणसाने सांगायचं कुणाला?

वीज नियामक आयोगाला. विजेचे दर ठरवताना आयोग हरकती मागवतो, जाहिरात पेपरात येते, मराठीत लिहिलं तरी चालतं. आता २०२५-२६ ते २०२९-३० असा पाच वर्षांचा दर ठरलेला आहे पण मध्येच फेरविचार होतात, त्याच्याही सुनावण्या होतात, मुंबई, पुणे, नागपूर वगैरे ठिकाणी. मी दोनदा गेलोय. समोर कंपन्यांचे वकील लॅपटॉप घेऊन बसलेले आणि मागे एक आजोबा कापडी पिशवीतून बारा महिन्यांची बिलं काढून एकेक वाचून दाखवत होते, आणि अध्यक्षांनी त्यांना थांबवलं नाही. जाताना बिलांच्या झेरॉक्स दोन सेट न्या, एक ठेवून घेतात.